मुळशीला सहल ठरवताय? आधी सेनापती बापट समजून घेऊ या



दिवाळीची सुट्टी जवळ आली की शाळेत आणि घरात एकच विषय असतो, यंदा कुठे जायचं? डोंगर हवा, झाडी हवी, पाणी हवं आणि खर्च आवाक्यातला हवा. कोणी चांदोलीचं नाव काढतं, कारण सह्याद्रीच्या डोंगरातलं ते आपलं राष्ट्रीय उद्यान. पण जांब्याहून एका दिवसात जाऊन येणं काही जमत नाही, मुक्कामाचा खर्चही वाढतो. मग गाडी हमखास येते आपल्याच तालुक्यावर. हिंजवडी, माण, घोटवडे करत पौड रस्त्याला लागायचं, मुळशीचं धरण बघायचं, ताम्हिणी घाटात शिरायचं आणि संध्याकाळी घरी. ताम्हिणीचं जंगल २०१३ पासून अभयारण्य आहे, त्यामुळे झाडं, पक्षी, फुलपाखरं सगळं मुलांना दाखवता येतं. बेत छानच आहे.

पण सहलीच्या आधी एक तास वर्गात द्या, असं मी सुचवेन. कारण मुळशीचं ते निळं पाणी नुसतं बघून परत येण्यासारखं नाही. त्या पाण्याखाली गावं आहेत. ती गावं वाचावीत म्हणून एक माणूस तीनदा तुरुंगात गेला. पुण्यात आणि मुंबईत त्याच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. मुलं त्या रस्त्यांचं नाव रोज ऐकतात, पण माणूस कोण हे बहुतेकांना ठाऊक नसतं. म्हणून आजचा पाठ सेनापती बापट यांच्यावर.

बालपण आणि शिक्षण

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी अहमदनगर जिल्ह्यातल्या पारनेर गावी झाला. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा अभ्यासात हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत असतानाच देशाच्या स्वातंत्र्याचा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. पुढे मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ साली ते स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात यंत्र अभियांत्रिकी शिकायला गेले.

हा मुद्दा मुलांना जरूर सांगा. बापट हे यंत्रांना घाबरणारे किंवा विज्ञान नको म्हणणारे गृहस्थ नव्हते. पुढे ज्या माणसाने धरणाला विरोध केला तो स्वतः अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. यंत्र म्हणजे काय, वीज कशी तयार होते, हे त्यांना चांगलं कळत होतं.

एडिंबरोत त्यांनी इंग्रजी राजवटीत हिंदुस्थानची काय अवस्था झाली आहे हे उघडपणे मांडलं. परिणाम ठरलेलाच होता. शिष्यवृत्ती बंद झाली. आपल्याकडे एखाद्या मुलाची शिष्यवृत्ती महिनाभर अडकली तरी घर हलतं. इथे तर परक्या देशात, हातात पैसा नाही आणि शिक्षण अर्धवट. बापट लंडनला इंडिया हाऊसमधल्या क्रांतिकारकांत सामील झाले. तिथून पॅरिसला जाऊन त्यांनी बॉम्ब तयार करण्याची विद्या मिळवली आणि १९०८ मध्ये मायदेशी परतले. त्याच वर्षी बंगालमध्ये अलीपूर बॉम्ब खटला उभा राहिला, धरपकड सुरू झाली आणि बापटांना भूमिगत व्हावं लागलं. १९१२ मध्ये ते इंदूरला पकडले गेले आणि १९१५ मध्ये सुटले.

हातात झाडू

सुटून पारनेरला आल्यावर बापटांनी काय केलं? भाषणं ठोकली नाहीत. सकाळी उठून गावातले रस्ते झाडायला आणि शौचकूप साफ करायला सुरुवात केली. परदेशात शिकून आलेला माणूस झाडू घेऊन रस्त्यावर, हे दृश्य त्या काळात गावाला पचणारं नव्हतं. जातीपातीच्या समजुती घट्ट होत्या. पण जे काम समाज हलकं समजतो ते आधी आपण करावं, हा त्यांचा नेम होता. शाळेत स्वच्छतेचा तास असतो तेव्हा आपण फक्त मुलांना झाडू देतो. बापटांची गोष्ट सांगताना एक झाडू आपल्याही हातात असावा, एवढंच.

मुळशी पेट्यातली गोष्ट

आता येऊ आपल्या तालुक्यात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा मुळशी पेटा म्हणजे डोंगरांच्या कुशीतलं भाताचं खोरं. आंबेमोहोर तांदूळ पिकवणारा मुलूख. पिढ्यान्‌पिढ्या तिथे मावळे शेतकरी राहत होते. जमीन होती, पण बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांकडे गहाण पडल्या होत्या. कसणारा एक आणि कागदावर मालक दुसरा, अशी स्थिती होती.

त्याच वेळी मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. टाटांच्या वीज कंपनीने नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरवलं. मुळात हे पाणी पूर्वेला पुण्याकडे वाहणारं. ते अडवायचं, बोगद्यातून पश्चिमेला न्यायचं, सह्याद्रीच्या कड्यावरून नळातून खाली कोकणात भिरा इथे सोडायचं आणि त्या जोरावर जनित्रं फिरवायची. कल्पना अचाट होती, यात शंका नाही. पण पन्नासाहून अधिक गावं आणि सुमारे अकरा हजार माणसं यात बाधित होणार होती. आणि त्यांना विचारलं कोणीच नव्हतं. शेतात येऊन खणायला सुरुवात झाली तेव्हा शेतकऱ्यांना कळलं, की आपली जमीन जाणार आहे.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. त्या दिवशी मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. शेकडो मावळे कामाच्या जागेवर जाऊन बसले. बायका लेकरांना घेऊन आल्या. मजुरांनी हातातली हत्यारं खाली ठेवली. काम थांबलं! गांधीजींनीही या सत्याग्रहाची दखल घेऊन लिहिलं. बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव, शिवरामपंत परांजपे अशी मंडळी या लढ्यात उतरली. धरणाच्या विरोधात शेतकऱ्यांनी संघटितपणे दिलेला हा जगातला अगदी सुरुवातीचा लढा मानला जातो. आणि तो आपल्या तालुक्यात झाला.

काही महिन्यांनी काम पुन्हा सुरू झालं. सरकारने कायद्याने जमिनी ताब्यात घेऊन कंपनीला दिल्या. सत्याग्रही धरले जाऊ लागले, तुरुंगात जाऊ लागले, त्यांत बायकाही होत्या. इथे एक अवघड गोष्ट घडली आणि ती मुलांपासून लपवू नये. मुळशीकरांमध्ये फूट पडली. ज्या सावकारांच्या नावावर जमिनी होत्या त्यांना मोबदला चांगला मिळणार होता, त्यांना लढा नको होता. जे कसत होते त्यांच्या हाती फारसं काही पडणार नव्हतं. हळूहळू माणसं थकली. मोबदला घेऊन बाजूला होणाऱ्यांची संख्या वाढत गेली.

बापट मात्र हटले नाहीत. दोनदा तुरुंगवास भोगून ते पुन्हा मुळशीत आले. १९२४ च्या अखेरीस त्यांनी मोजक्या साथीदारांसह कंपनीच्या कामाची रेल्वे रुळांवर दगड टाकून अडवली. त्यात शस्त्रही वापरलं गेलं आणि माणसं जखमी झाली. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. सत्याग्रहात हत्यार आलं, हे त्या वेळी अनेकांना पटलं नाही. आजही वर्गात यावर चर्चा होऊ शकते, व्हावी. आपण उत्तर न देता मुलांना बोलू द्यावं. लोकांनी त्यांना सेनापती म्हणायला सुरुवात केली ती याच मुळशीच्या लढ्यात. लढाई हरली, पण पदवी आयुष्यभर राहिली.

बापट तुरुंगात असतानाच धरण उभं राहिलं, भात खाचरं पाण्याखाली गेली आणि १९२७ मध्ये भिरा इथून वीज वाहू लागली. धरणाच्या काठावर उरलेल्या वस्त्यांना मात्र स्वतःच्या घरात दिवा लागायला पुढे कित्येक वर्षं वाट बघावी लागली.

दूरच्या डोंगरातली तशीच गोष्ट

मोठ्या वर्गांना एक जोड उदाहरण देता येईल. एडिंबरोपासून फार लांब नाही असं डनबार नावाचं गाव आहे. तिथे १८३८ मध्ये जन्मलेले जॉन म्यूर लहानपणी अमेरिकेत गेले आणि तिथल्या डोंगर-जंगलांसाठी आयुष्यभर झटले. योसेमिटी हे राष्ट्रीय उद्यान १८९० मध्ये झालं, त्यामागे त्यांची धडपड होती. जगभरातून लोक सुट्टी घालवायला तिथे जातात. पण त्याच उद्यानातल्या हेच हेची नावाच्या सुंदर खोऱ्यात सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पाण्यासाठी धरण बांधायला १९१३ मध्ये परवानगी मिळाली. म्यूर ती लढाई हरले आणि पुढच्याच वर्षी वारले. धरण १९२३ मध्ये पूर्ण झालं, म्हणजे आपल्याकडे मुळशीचा लढा चालू असतानाच.

दोघेही हरले. फरक एवढाच, की म्यूर मुख्यतः निसर्गाच्या सौंदर्यासाठी लढले आणि बापट त्या निसर्गात राबणाऱ्या माणसांसाठी. आपल्या चांदोलीतही वारणेचं धरण आणि जंगलाचं संरक्षण यांसाठी गावं उठली आहेतच. म्हणजे डोंगरातलं कुठलंही देखणं ठिकाण बघताना एक प्रश्न विचारायला हरकत नाही, की इथे आधी कोण राहत होतं?

पुढचं आयुष्य

१९३१ मध्ये सुटका झाल्यावर बापट स्वस्थ बसले नाहीत. भाषणांमुळे लगेच पुन्हा तुरुंग आला तो १९३७ पर्यंत. नंतर ते नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकचं महाराष्ट्रातलं काम पाहू लागले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. वय झालं म्हणून थांबावं, तर १९५५ मध्ये, पंचाहत्तरीला आलेले असताना, ते गोवामुक्तीच्या सत्याग्रहात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

मग सहल कशी ठरवायची?

सहल रद्द करा असं मी म्हणत नाही. उलट जरूर जा. फक्त थोडी तयारी करून जा.

१. वेळ : भर पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये ताम्हिणीत लहान मुलांना नेऊ नका. धुकं, निसरडे दगड आणि अचानक वाढणारं पाणी यांचा भरवसा नसतो. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. हिरवळ असते, भातकापणीही बघायला मिळते.

२. आदल्या आठवड्यात : नकाशावर मुळा नदी शोधायला सांगा. तिचं पाणी कुठून कुठे जायचं आणि आता कुठे जातं ते बोटाने दाखवू द्या. भूगोलाचा हा पाठ कायम लक्षात राहतो.

३. धरणाजवळ : पाण्यात कोणीही उतरायचं नाही. बंदी असलेल्या भागात शिरायचं नाही. सुरक्षित जागी दहा मिनिटं शांत बसा आणि बापटांची गोष्ट तिथेच सांगा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या वस्तीच्या खुणा उघड्या पडतात, हेही सांगा.

४. गावात : डबा आणि प्लास्टिक आपल्यासोबत परत आणा. शक्य असेल तर एखाद्या वयस्कर आजोबा-आजींशी मुलांना बोलू द्या.

५. परत आल्यावर : सुंदर दृश्यावर दहा ओळी, हा नेहमीचा निबंध नको. पाण्याखाली गेलेल्या घरातल्या मुलाच्या नजरेने लिहायला सांगा. आणि दुसऱ्या बाजूने, मुंबईतल्या गिरणी कामगाराच्या घरी पहिल्यांदा दिवा लागला, हेही एखाद्याने लिहावं. दोन्ही निबंध वर्गात वाचून दाखवा.

हे सगळं कशासाठी? आपल्या जांबे, मारुंजी, हिंजवडी, माण या पट्ट्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जमिनींचं काय झालं हे मुलं घरात ऐकतच असतात. कोणाची जमीन एमआयडीसीत गेली, कोणी बिल्डरला दिली, कोणाच्या हाती पैसा आला आणि कोणाच्या आला नाही. एकाच बाकावर जमीन विकलेल्या घरातलं आणि त्या जमिनीवरच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या घरातलं मूल शेजारी शेजारी बसतं. विकास हवा की नको, एवढ्या सोप्या प्रश्नात हे बसत नाही. कोणाला विचारलं, कोणाला किती मिळालं आणि कोणाला उठावं लागलं, हे विचारायला शिकवणं आपलं काम आहे. सेनापती बापटांनी शंभर वर्षांपूर्वी हेच प्रश्न विचारले होते, आणि त्यांची किंमत स्वतः मोजली होती.

तर मंडळी, यंदा मुळशीला गेलात की फोटो काढाच. मागे पाणी छान दिसतं. फक्त फोटो काढणाऱ्या मुलाला त्या पाण्याखाली काय आहे हे माहीत असू द्या.