गळाच्या काठीचं गणित मांडणारा इंजिनिअर : एव्हरेट गॅरिसन

गळाच्या काठीवर दोर ओवायला छोट्या कड्या असतात. त्यांना गाईड म्हणतात. काठीवर येणारा ताण मोजताना या इवल्याशा कड्यांचंही वजन कुणी धरेल का? अमेरिकेतल्या एव्हरेट गॅरिसन यांनी धरलं.

१८९३ मध्ये जन्मलेले गॅरिसन पेशाने इंजिनिअर. छंद फ्लाय फिशिंगचा, म्हणजे पिसं आणि धाग्याच्या नकली माशीने ट्राउट पकडण्याचा. त्यासाठीची काठी बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून बनायची. ती कुठे किती जाड ठेवायची, हे अनेक कारागीर अनुभवाने ठरवायचे आणि गुपित ठेवायचे.

गॅरिसन यांनी काठीकडे इमारतीच्या तुळईसारखं पाहिलं. बांबू, जोड, व्हार्निश, गाईड आणि त्यांतून जाणारा दोर, या सगळ्यांचा ताण त्यांनी हिशेबात घेतला.

गाईड टोकाकडे जवळजवळ आणि मुठीकडे लांब लांब बसवतात. कारण टोक बारीक असतं, जास्त वाकतं. तिथे अंतर वाढलं, तर दोर काठीचं वळण सोडतो आणि ताण मोजक्या जागी येतो.

हे सगळं ज्ञान गॅरिसन यांच्यासोबतच संपलं असतं. पण उतारवयात त्यांनी होगी कारमायकल या तरुणाला ते मोकळेपणाने शिकवलं. १९७५ मध्ये गॅरिसन गेले. दोघांचं पुस्तक आलं १९७७ मध्ये.

ते छापलेलं पाहायला गॅरिसन नव्हते. पण त्यातली मापं घेऊन आजही हौशी लोक घरी काठ्या बनवतात.