डॉ. जेम्स नेस्मिथ : बास्केटबॉलचे जनक

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कॅनडात जन्मलेल्या आणि अमेरिकेत निवर्तलेल्या एका व्यायामशिक्षकाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवेल. अशा ग्रंथात संतांना, समाजसुधारकांना व साहित्यिकांना मानाचे पान मिळते आणि ते उचितच आहे. परंतु आमच्या गोल बाजारातील घराघरांतून संध्याकाळी चेंडू घेऊन मैदानाकडे धावणारी जी मुले आहेत, त्यांपैकी कितीतरी ज्या खेळात रमतात त्या खेळाच्या जनकाचे नावही आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. शेजारच्या भिलाईत तयार झालेल्या मुलींनी याच खेळात छत्तीसगढचे नाव राष्ट्रीय स्पर्धांत उज्ज्वल केले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात आल्माँट गावाजवळ झाला. आईबाप मूळचे स्कॉटलंडचे. सन १८७० मध्ये विषमज्वराने अवघ्या काही दिवसांच्या अंतराने दोघांचेही छत्र हरपले आणि नऊ वर्षांचा जेम्स आपल्या भावंडांसह आजोळी आला. पुढे मामा पीटर यंग यांनी त्यांचा सांभाळ केला. मामा कडक शिस्तीचे. भाच्याने संकट ओढवून घेतले तर त्यातून त्यानेच वाट काढावी, ही त्यांची शिकवण. शाळेत मन रमेना म्हणून जेम्सने ती अर्ध्यावर सोडली, काही वर्षे जंगलात लाकूडतोड केली, आणि मग स्वतःच्याच निश्चयाने पुन्हा वर्गात जाऊन बसला. सन १८८३ मध्ये तो माँट्रिअलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात दाखल झाला.

तेथे त्यांनी धर्मोपदेशक होण्यासाठी अभ्यास आरंभिला, पण ओढा मैदानाकडे. तत्कालीन पाद्रीमंडळींना अंगाला अंग भिडवून खेळणे म्हणजे सैतानाचे काम वाटे. एकदा शनिवारच्या सामन्यात मार खाऊन काळेनिळे झालेले डोळे घेऊन हे विद्यार्थी महाशय रविवारी प्रवचनाला उभे राहिले, तेव्हा श्रोत्यांची काय मनःस्थिती झाली असेल याची कल्पना करावी! आमच्या तालमींतील वस्तादांना हा माणूस निश्चित आवडला असता. तरुणाला सन्मार्गावर आणण्यासाठी व्यासपीठापेक्षा क्रीडांगण अधिक उपयोगी पडेल, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि धर्मशास्त्राची पदविका हाती असूनही ते १८९० मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणशाळेत दाखल झाले.

आता मुख्य कथाभाग. सन १८९१ चा हिवाळा. बाहेर बर्फ, त्यामुळे मैदानी खेळ बंद. बंदिस्त व्यायामशाळेत अठरा धटिंगण विद्यार्थ्यांचा एक वर्ग होता. ते सारे प्रौढ, शिकलेले, परंतु रोज तेच ते कवायतीचे हातवारे करून कंटाळलेले. दोन शिक्षकांनी या वर्गापुढे हात टेकले होते. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग नेस्मिथ यांच्या गळ्यात घातला आणि छताखाली खेळता येईल असा नवा खेळ शोधण्यासाठी चौदा दिवसांची मुदत दिली. नेस्मिथ यांनी आधी मैदानी खेळच आत आणून पाहिले. फुटबॉल आणला तेव्हा खिडक्या फुटू लागल्या. लॅक्रॉस आणला तेव्हा डोकी. मुदत सरत आली तरी खेळ सापडेना.

तेव्हा त्यांनी जे केले ते आम्हांस त्यांच्या चरित्रातील सर्वांत मननीय कृत्य वाटते. खेळ जोडण्याचे सोडून त्यांनी खेळाची फोड केली. धक्काबुक्की का होते? कारण खेळाडू चेंडू घेऊन धावतो आणि त्याला अडवण्यासाठी त्याच्या अंगावर पडावे लागते. तर मग चेंडू घेऊन धावायचेच नाही. चेंडू मोठा व हलका असावा, म्हणजे काठी वा फळी लागणार नाही. तो हाताने खेळावा. राहता राहिले लक्ष्य. ते समोर उभे असले की जो तो जोराने चेंडू मारणार. येथे त्यांना लहानपणचा एक खेळ आठवला. मोठ्या दगडावर एक धोंडा ठेवायचा आणि लांबून दगड फेकून तो पाडायचा. आपल्या लगोरीचाच एक भाऊ म्हणा ना. त्यात सरळ भिरकावणाऱ्यापेक्षा वरून कमानदार फेक करणारा नेहमी सरस ठरे. म्हणून लक्ष्य आडवे ठेवावे आणि तेही डोक्याच्या वर, म्हणजे तेथे बळाचा उपयोग नाही, हलक्या हाताचा आणि नजरेचा आहे. एवढा विचार झाल्यावर तेरा नियम एका बैठकीत लिहून झाले.

त्यांनी शाळेच्या शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, तेव्हा तो पीच या फळाच्या दोन करंड्या घेऊन आला. गोल बाजारात बांबूच्या टोपल्या, ज्यांना आपले छत्तीसगढी शेजारी टुकनी म्हणतात, त्यांच्याच या परदेशी बहिणी. दोन्ही बाजूंच्या सज्ज्याला, जमिनीपासून दहा फुटांवर, त्या खिळ्यांनी ठोकल्या गेल्या. आजही कडे दहा फुटांवरच असते. शतकाहून अधिक काळ ज्या खेळात सारे बदलले त्यात त्या सज्ज्याची उंची तेवढी बदलली नाही. वर्गात अठरा जण, म्हणून दोन्ही बाजूंना नऊ-नऊ. फुटबॉलच्याच चेंडूने डाव सुरू झाला. करंडीला बूड असल्यामुळे चेंडू पडला की शिडी लावून काढावा लागे. मात्र पहिल्या दिवशी हा त्रास एकदाच झाला, कारण अख्ख्या सामन्यात गोल एकच झाला. एका विद्यार्थ्याने खेळाला नेस्मिथ यांचेच नाव द्यावे असे सुचविले. ते हसले आणि तसल्या नावाने कोणताही खेळ मरेल असे म्हणून त्यांनी ती सूचना उडवून लावली.

त्या अठरांमध्ये इशिकावा नावाचा एक जपानी विद्यार्थी होता आणि एका बाजूचा नायक होता टी. डंकन पॅटन, जो पुढे १८९४ च्या सुमारास हा खेळ घेऊन हिंदुस्थानात आला. म्हणजे हा खेळ जन्मतः आंतरराष्ट्रीय. पुढे मद्रासला १९२० मध्ये वाय. एम. सी. ए. चे व्यायामशिक्षण विद्यालय काढणारे हॅरी बक हेही स्प्रिंगफील्डचेच विद्यार्थी. आपल्या देशातील कित्येक व्यायामशिक्षकांची गुरुपरंपरा अशी त्या करंड्यांपाशी जाऊन पोहोचते.

नेस्मिथ मात्र आपल्या शोधापाशी थांबले नाहीत. त्यांनी त्याचा एकाधिकार घेतला नाही, त्यावर पैसा मिळविला नाही. डेन्व्हरला नोकरी करीत ते वैद्यकशास्त्र शिकले, १८९८ मध्ये डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी लॉरेन्स येथील कॅन्सस विद्यापीठात प्रार्थनामंदिर व व्यायामशिक्षण सांभाळण्यासाठी गेले. तेथील बास्केटबॉल संघ त्यांनीच उभा केला. गंमत अशी की, ५५ विजय आणि ६० पराभव अशी त्यांची कामगिरी असून, त्या नामांकित संघाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा अधिक सामने हरलेला मार्गदर्शक एकच, आणि तो म्हणजे खेळाचा जनक! त्यांना त्याची खंतही नव्हती. हा खेळ खेळायचा असतो, शिकवायचा नसतो, अशी त्यांची धारणा होती. त्यांचा शिष्य फॉरेस्ट ॲलन याने ती मानली नाही आणि संघांचे मार्गदर्शन हा एक स्वतंत्र व्यवसाय करून दाखविला. गुरु-शिष्यांच्या या मतभेदात जग शिष्याच्या बाजूने गेले, हे मान्य करावे लागते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ते पाद्री म्हणून फ्रान्समध्ये सैनिकांची सेवा करीत होते. सन १९२५ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. त्यांच्या उतारवयातील एक गोष्ट त्यांच्या कीर्तीच्या झगमगाटात दडून राहते. सन १९३३ मध्ये जॉन मॅक्‌लेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅन्ससला आला. विद्यापीठाच्या संघाचे दार त्याच्या वर्णास बंद होते. नेस्मिथ यांनी त्याला आपल्या पंखाखाली घेतले आणि खेळाचे शास्त्र शिकविले. स्वतः ज्या खेळाला जन्म दिला त्या खेळाच्या अंगणात आपल्याच विद्यार्थ्याला पाऊल ठेवू दिले जात नाही, हे पाहताना त्या वृद्ध गुरूला काय वाटले असेल! ते दार उघडण्याइतकी सत्ता त्यांच्या हाती नव्हती. विद्या हाती होती, ती त्यांनी दिली.

आणि मग १९३६ चे बर्लिन ऑलिंपिक. सन १९०४ मध्ये सेंट लुईसला हा खेळ केवळ प्रदर्शनापुरता दिसला होता. आता प्रथमच पुरुषांच्या बास्केटबॉलला अधिकृत स्थान मिळाले. त्यासाठी ॲलन यांनी अनेक वर्षे खटपट केली होती. पण खेळाच्या जनकाकडे बर्लिनला जाण्यापुरते पैसे नव्हते! तेव्हा अमेरिकेतील मार्गदर्शकांच्या संघटनेने सामन्यांच्या तिकिटांमागे एकेक सेंट जमवून त्यांच्या प्रवासाची सोय केली. वर्गणीचा हिशेब सांभाळणाऱ्या कोणत्याही मंडळाच्या चिटणिसाला या पैशापैशाचे मोल सांगावयास नको. पत्नी मॉड आजारी असल्याने ते एकटेच गेले.

तेथे एकवीस देशांचे संघ आले होते. युरोपातील देश होतेच. त्यांच्याबरोबर चीन, जपान, फिलिपीन्स, मेक्सिको, ब्राझील असे दूरदूरचे संघही होते. ७ ऑगस्ट रोजी एस्टोनिया आणि फ्रान्स यांच्या सामन्यात पंचाहत्तरी गाठत आलेल्या नेस्मिथ यांच्या हस्ते पहिला चेंडू उडविला गेला. अठरा जणांच्या वर्गासाठी चौदा दिवसांत रचलेला खेळ पंचेचाळीस वर्षांत येथवर आला होता. ज्या राजवटीत हा सोहळा चालला होता तिचे स्वरूप आज आपण जाणतो. त्याच मैदानावर अमेरिकेच्या संघातून सॅम बाल्टर हा ज्यू तरुण खेळत होता, हेही विसरता कामा नये.

सामने उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानांवर भरविण्यात आले. १४ ऑगस्टला अंतिम सामना अमेरिका व कॅनडा यांच्यात, म्हणजे नेस्मिथ यांच्या कर्मभूमीत आणि जन्मभूमीत, झाला आणि पावसाने गाठले. चिखलात चेंडू उसळेना, हातात ठरेना. हिमपावसापासून बचाव म्हणून जो खेळ घरात जन्मला, त्याचाच पहिला ऑलिंपिक मुकुट भर पावसात ठरला! अमेरिकेने १९–८ असा विजय मिळविला. मेक्सिको तिसरा आला. तिन्ही संघांना पदके नेस्मिथ यांनीच दिली. याच पावसामुळे हॉकीचा अंतिम सामना एक दिवस पुढे गेला आणि १५ ऑगस्टला ध्यानचंद यांच्या संघाने जर्मनीला ८–१ असे नमविले, ही आठवण कोणत्या भारतीयास सुखावणार नाही?

त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने आपल्या तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील आणखी एक पथक बर्लिनमध्ये होते. मुंबई–हावडा लोहमार्गावर रायपूरहून पश्चिमेस गेले की बडनेरा लागते आणि तेथून अमरावतीचा फाटा फुटतो. त्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनी तेथे कबड्डी आदी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. नेस्मिथ यांनी ती पाहिली की नाही याचा शोध आम्ही घेतलेला नाही; पाहिली असती तर साधनांवाचून खेळता येणाऱ्या त्या खेळावर ते खूष झाले असते, असे मात्र वाटते. कबड्डीला आशियाई क्रीडास्पर्धांत पदकांचे स्थान मिळण्यास पुढे १९९० साल उजाडले. बास्केटबॉल मात्र १९५१ च्या दिल्लीतील पहिल्याच आशियाई स्पर्धेत होता. तेथे भारत चौथा आला. १९८० मध्ये मॉस्को ऑलिंपिकमध्येही भारतीय पुरुष संघ खेळला आणि एकही सामना न जिंकता परतला.

बर्लिनहून परतल्यावर नेस्मिथ १९३७ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी मॉड गेल्या. सन १९३९ मध्ये त्यांनी पुनर्विवाह केला, परंतु त्याच वर्षी २८ नोव्हेंबर रोजी लॉरेन्स येथे त्यांचे देहावसान झाले. खेळाच्या उगमाविषयीचे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या दोन कागदांवर ते तेरा नियम टंकलिखित होते, ते २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकले गेले. घेणाऱ्याने ते कॅन्सस विद्यापीठास दिले. स्प्रिंगफील्डला नेस्मिथ यांच्या नावाने बास्केटबॉलचे कीर्तिमंदिर उभे आहे. जॉन मॅक्‌लेंडन पुढे स्वतः थोर मार्गदर्शक झाले, आणि १९७९ मध्ये त्या कीर्तिमंदिरात त्यांचे नाव दाखल करण्यात आले.