धर्म मिळाला, समाधान नाही!

मनापासून धरलेली गोष्टच अचानक कोरडी वाटायला लागलीय? पंडिता रमाबाईंचंही असंच झालं होतं. आईवडील दुष्काळात गेले, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवराही गेला. १८८३ मध्ये इंग्लंडला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आतलं समाधान काही मिळेना, तेही तब्बल आठेक वर्षं! तरी काम थांबलं नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. मग हॅस्लम नावाच्या पाद्र्याचं आत्मचरित्र वाचताना लक्षात आलं, आपण धर्म घेतला, ख्रिस्त राहूनच गेला. तिथून श्रद्धेला नवी पालवी फुटली. पुढे केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा मिळाला, हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणलं. तुमचे कोरडे दिवस चालू असतील, तर हातातलं काम सोडू नका.