पायंडा पाडणारी विद्यार्थिनी : एलन स्वॅलो रिचर्ड्स

कला शाखेच्या वार्षिकात एका रसायनशास्त्रज्ञ बाईचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. पण ही कथा रसायनांची कमी आणि बंद दारांची जास्त आहे, आणि दारांशी आपल्या सर्वांचाच संबंध येतो.

डिसेंबर १८७० मधली गोष्ट. अमेरिकेतील बॉस्टन शहरी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आज जगभर एम.आय.टी. म्हणून ओळखली जाणारी संस्था, तेव्हा अगदी कोवळी होती. वर्ग सुरू होऊन जेमतेम पाच वर्षे झालेली. तिच्या चालकांपुढे एक अर्ज आला. अर्जदार तरुणीला रसायनशास्त्र शिकायचे होते. चालकांनी खास विद्यार्थिनी म्हणून तिला प्रवेश दिला. पण ठरावातच पाचर मारून ठेवली की, या प्रवेशामुळे स्त्रियांना सरसकट प्रवेश देण्याचा पायंडा पडला असे समजू नये. नियतीचा खेळ असा की, जिच्यामुळे पायंडा पडू नये म्हणून एवढी काळजी घेतली, तिनेच पुढे तो पाडला!

तिचे नाव एलन हेन्रिएटा स्वॅलो. जन्म ३ डिसेंबर १८४२ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातील डन्स्टेबल या खेड्यातला. आईवडील दोघेही शिक्षक. एलन त्यांची एकुलती एक मुलगी. सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. मुलीला चांगली शाळा मिळावी म्हणून वडिलांनी शेती सोडून गाव बदलले आणि दुकान थाटले. एलन शाळा सांभाळून गल्ल्यावर बसे, माल आणी, हिशेब ठेवी आणि आजारी आईची शुश्रूषाही करी. शाळा संपली, पण पुढे जावे कोठे? शिकवण्या केल्या, दुसऱ्यांच्या घरची झाडलोटही केली आणि पैसा पैसा साठवला. मधली दोन वर्षे तर घोर निराशेत गेली.

अखेर १८६८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ती व्हॅसर या स्त्रियांच्या महाविद्यालयात दाखल झाली. तेथे खगोलशास्त्र शिकवायला होत्या मरिया मिचेल, १८४७ साली धूमकेतू शोधून कीर्ती मिळविलेल्या विदुषी. आकाशाचा मोह एलनलाही पडला होता. परंतु शेवटी तिने रसायनशास्त्र निवडले. माणसांच्या रोजच्या जगण्यात जे उतरेल असे शास्त्र तिला हवे होते. १८७० मध्ये पदवी हाती आली. मग रसायनांची तपासणी करणाऱ्या व्यावसायिकांकडे तिने उमेदवारीसाठी विचारणा केली. काम मिळाले नाही, पण नव्या तंत्रसंस्थेत प्रयत्न करण्याचा सल्ला मिळाला. त्यातूनच तो अर्ज जन्मला.

संस्थेने तिच्याकडून फी घेतली नाही. आपल्या गरिबीची कदर झाली असे तिला वाटले. खरे कारण पुढे कळले. कोणी आक्षेप घेतलाच, तर ही आमची विद्यार्थिनीच नाही असे अध्यक्षांना म्हणता यावे, म्हणून पटावर फीची नोंद नको होती! हे आधी ठाऊक असते तर आपण त्या अटीवर गेलोच नसतो, असे एलन पुढे सांगत असे.

प्रयोगशाळेत तिला इतरांपासून दूर ठेवण्यात आले. तिने तक्रार केली नाही. सुईदोरा, चिंध्या, मलमपट्टी जवळ ठेवली. प्राध्यापकांचे बोट कापले तर बांधून द्यावे, टेबलावरची धूळ पुसावी, तुटलेले शिवून द्यावे. आजच्या मुलीला हे वाचून राग येईल, मलाही आला. शास्त्र शिकायला आलेल्या मुलीने बटणे का लावावीत? पण एलनचा हिशेब पक्का होता. आपण एक चूक केली तर तिची किंमत मागून येणाऱ्या शंभरजणींना मोजावी लागेल, हे ती ओळखून होती. १८७३ मध्ये तिने तेथील पदवी मिळविली. ती मिळविणारी ती पहिली स्त्री. त्याच वर्षी व्हॅसरनेही तिला एम.ए. दिली. पुढे डॉक्टरेटचा विषय निघाला तेव्हा मात्र दार बंदच राहिले. संस्थेची रसायनशास्त्रातली पहिली डॉक्टरेट एका बाईला जावी हे विभागातील वरिष्ठांना नको होते, असे तिच्या पतीने नंतर नमूद केले.

हे पती म्हणजे खाणकामशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स. विवाह १८७५ मध्ये झाला. लग्नानंतरचा प्रवासही न्यारा : नवरानवरी खाणी पाहायला नोव्हा स्कॉशियात गेली, आणि बरोबर खाणकामाच्या विद्यार्थ्यांचा अख्खा वर्ग!

आता एलनबाईंना संसार होता, मान होता. स्वस्थ बसता आले असते. पण स्वतःला मिळालेली फट इतरांसाठी दार व्हावी हा ध्यास सुटला नाही. बॉस्टनच्या स्त्रीशिक्षण मंडळाकडून त्यांनी पैसा मिळविला आणि नोव्हेंबर १८७६ मध्ये संस्थेच्या आवारातील एका लहानशा इमारतीत स्त्रियांची प्रयोगशाळा सुरू झाली. प्रमुख होते प्राध्यापक ऑर्डवे. प्रत्यक्ष भार एलनबाईंवर. पगार नाही, उलट दरसाल सुमारे हजार डॉलर त्या पदरचे घालीत. येणाऱ्यांपैकी पुष्कळजणी शाळामास्तरणी होत्या. शास्त्र पुस्तकातून शिकवीत होत्या, पण परीक्षानळी कधी हाती धरलेली नव्हती. तेथे त्या रासायनिक पृथक्करण, खनिजशास्त्र, जीवशास्त्र शिकल्या. ज्यांना घर सोडता येत नव्हते अशा स्त्रियांना एलनबाई पत्रद्वारा शास्त्र शिकवीत.

सात वर्षांनी, १८८३ मध्ये, ही प्रयोगशाळा बंद झाली आणि इमारत पाडली गेली. हे अपयश नव्हते, तोच खरा विजय होता. कारण आता मुली इतर विद्यार्थ्यांबरोबरच रीतसर शिकू लागल्या होत्या. वेगळ्या खोलीची गरजच संपली होती. स्वतः उभारलेली वास्तू पडताना आनंद व्हावा असे भाग्य किती जणांना लाभते? योगायोग पाहा, त्याच १८८३ साली आपली आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी समुद्र ओलांडून अमेरिकेत पोचली होती.

१८८४ मध्ये एलनबाई आरोग्य-रसायनशास्त्राच्या अध्यापिका झाल्या. १८८७ पासून त्यांच्या हातून मोठे काम झाले. राज्यातील नद्या, तळी, विहिरी यांच्या पाण्याचे सुमारे चाळीस हजार नमुने त्या प्रयोगशाळेत तपासले गेले. त्यातून एक नकाशा तयार झाला. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मीठ येते. त्यामुळे किनाऱ्याजवळच्या पाण्यात क्षार अधिक आणि आत जावे तसतसे कमी. प्रत्येक जागेचे हे स्वाभाविक प्रमाण नकाशावर रेषांनी दाखविले. एखाद्या विहिरीत त्याहून जास्त क्षार आढळला की ओळखावे, येथे माणसांचे सांडपाणी मिसळते आहे. किती साधी युक्ती, आणि किती जीव वाचविणारी! राज्याने पाण्याच्या शुद्धतेची मानके ठरविली त्यामागे या कामाचा आधार होता.

पाण्यावरून त्या घराकडे वळल्या. हवा, अन्न, भेसळ, सफाई यांचे शास्त्र गृहिणींना कळावे म्हणून त्यांनी १८८२ मध्येच स्वयंपाक आणि स्वच्छतेच्या रसायनावर पुस्तक लिहिले होते. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी स्वयंपाकघर चालविले. तेथे पदार्थांबरोबर त्यांचे पोषणमूल्यही सांगितले जाई. १९०८ मध्ये अमेरिकन गृहअर्थशास्त्र संघटना स्थापन झाली आणि त्या तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. आपल्याकडील महाविद्यालयांतून शिकविला जाणारा गृहविज्ञान हा विषय त्याच चळवळीच्या वळणाचा.

येथे मात्र एक प्रश्न उभा राहतो. स्वयंपाकघरात प्रयोगशाळा नेली, की मुलींना पुन्हा स्वयंपाकघरातच पाठविले? पुढील काळात रसायनशास्त्रात उच्च पदव्या घेतलेल्या कित्येक स्त्रियांना अमेरिकन विद्यापीठांत गृहअर्थशास्त्राच्या विभागातच काय ती नोकरी मिळे. एलनबाईंनी उघडलेले एक दार इतरांनी कुंपण म्हणून वापरले. हा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण झाकून ठेवणेही बरे नाही. खुद्द त्या सत्तावीस वर्षे अध्यापिकाच राहिल्या. प्राध्यापकपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९१० मध्ये स्मिथ महाविद्यालयाने सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि ३० मार्च १९११ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर बावीस वर्षांनी, १९३३ मध्ये, मुंबई विद्यापीठाची पदवीधर कमला भागवत हिने बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. बाई म्हणून तो आधी नाकारला गेला. मग अटी घालून एक वर्ष पारखून पाहण्याचे ठरले. पुढे कमला सोहोनी या नावाने ती थोर जीवरसायनशास्त्रज्ञ झाली. समुद्रापार साठ वर्षांपूर्वी वठलेले तेच नाटक पुन्हा वठले. आज एम.आय.टी.च्या पदवी वर्गांत जवळजवळ निम्म्या मुली आहेत. पण कोठल्याही दारात पहिली उभी राहणारी मुलगी एकटीच असते. तिच्या हाती सुईदोरा द्यायचा की परीक्षानळी, हे आत आधीच बसलेल्यांनी ठरवायचे असते.