सत्यप्रिय इतिहासकार बीड

इंग्लंडच्या उत्तरेस नॉर्थंब्रिया नांवाचें राज्य होतें. तेथें इ. स. ६७३ च्या सुमारास बीड ह्याचा जन्म झाला. सातव्या वर्षीं आप्तांनीं त्याला वेअरमथच्या मठांत बेनेडिक्ट बिस्कप ह्याच्या स्वाधीन केलें. पुढें जॅरो येथील मठांत अध्ययन, अध्यापन व प्रार्थना ह्यांत त्याचें आयुष्य गेलें.

इ. स. ७३१ मध्यें त्यानें इंग्रज लोकांच्या मंडळीचा इतिहास पुरा केला. लंडनचा याजक नॉथहेल्म ह्यानें त्यासाठीं रोम येथील जुन्या पत्रांच्या नकला आणून दिल्या. कोणती हकीकत कोणाकडून कळली, हें बीडनें प्रस्तावनेंत नमूद केलें. मूळचे ब्रिटन लोक आर्मोरिकाहून आले, एवढेंच त्यानें लिहिलें, आणि तेंही ऐकीव म्हणून. सुमारें शंभर वर्षांनीं वेल्समधील एका बखरींत ट्रॉयच्या वंशांतील ब्रूटस हा ब्रिटनांचा मूळ पुरुष ठरला. इ. स. ११३६ च्या सुमारास मॉनमथच्या जेफ्रीनें त्या कथेवर राजांची लांबलचक वंशावळ रचली, आणि कित्येक शतकें लोकांनीं ती खरी मानिली.

बीडही निर्दोष नव्हता. ब्रिटन ख्रिस्ती लोकांनीं सॅक्सनांस सुवार्ता सांगितली नाहीं, ह्याचा त्याला राग होता. बँगोरच्या मठवासीयांची कत्तलही त्याला ईश्वरी शासन वाटली.

मरणशय्येवर तो योहानकृत शुभवर्तमानाचें स्वभाषेंत भाषांतर लिहवून घेत होता. इ. स. ७३५ च्या मे महिन्यांत तो प्रभूमध्यें निजला.

प्रिय वाचकहो, गोड कथा लवकर पसरते. तरी ऐकीव तें ऐकीव म्हणूनच सांगावें, हा बीडचा धडा आम्हांस फार मोलाचा वाटतो.