हिप्परग्याचे खेडगीकर गुरुजी

निजामाच्या राज्यात खेड्यातल्या पोराला शिकायचं म्हणलं की घर सोडावं लागायचं. सरकारी शाळा थोड्या, त्यातही वरचं शिक्षण उर्दूत. खासगी शाळेला परवानगी सहजी मिळत नसे. अशा काळात, १९२१ साली, आजच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा रवा या आडगावी राष्ट्रीय शाळा उभी राहिली.

तिथं पुढं मुख्याध्यापक म्हणून आले व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, सिंदगीचा. दिल्लीत कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्यासोबत काम केलेला माणूस, पण आजारानं तब्येत खचलेली. शहरात नोकरी मिळाली असती. त्यांनी हिप्परगा धरलं. इथंच संन्यास घेतला आणि गुरुजींचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यासी झाला की माणूस हिमालयाकडं निघतो. हे शाळेतच थांबले, पोरं शिकवत.

१९३५ ला मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला गेले, तिथली योगेश्वरी शाळा वाढवली. मग स्टेट काँग्रेस, सत्याग्रह, तुरुंग. १५ ऑगस्ट १९४७ ला तिरंगा फडकावला म्हणून निजामानं पुन्हा आत टाकलं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. नंतर दोनदा खासदार झाले. २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत वारले.

अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. कळंबकडचा पेशंट जास्त झाला की गाडी आजही तिकडंच वळते. लोक मात्र नुसतं ‘स्वाराती’ म्हणतात.