सर जॉर्ज बीटसन : लक्ष्य दिसण्याआधीचा वेध

१५ जून १८९५ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात ३३ वर्षांच्या एका स्त्रीवर शस्त्रक्रिया झाली. दोन मुलांच्या या आईला स्तनाचा कर्करोग होता. स्तन आधीच काढून टाकण्यात आला होता, तरीही रोग परतला होता आणि आता छातीवर पसरलेल्या गाठी कापून काढणे शक्य राहिले नव्हते. शल्यविशारदांनी त्या गाठींना हात लावला नाही. त्यांनी तिचे पोट उघडले आणि दोन्ही बीजांडकोश काढून टाकले. छातीतील रोगासाठी ओटीपोटातील निरोगी अवयव काढण्याचा हा मार्ग त्या काळच्या वैद्यकाला चक्रावून टाकणारा होता. ही शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदांचे नाव जॉर्ज थॉमस बीटसन.

कर्करोगाच्या पेशीला वाढीसाठी लागणारी नेमकी गोष्ट हेरून तीच तोडणाऱ्या उपचारांना आज 'टार्गेटेड थेरपी' म्हणतात. स्तनाच्या कर्करोगावरील अशा उपचारांचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा बीटसन यांच्यापासूनच करावी लागते. आपण नेमके काय तोडत आहोत, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. ते कळण्याचे साधनच त्या काळी कोणाजवळ नव्हते.

बीटसन यांचा जन्म १८४८ साली त्या वेळच्या सिलोनमधील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील त्रिंकोमाली येथे झाला. वडील ब्रिटिश सैन्यात डॉक्टर होते. केंब्रिजमधून पदवी घेतल्यावर बीटसन वैद्यकाच्या शिक्षणासाठी एडिंबरो विद्यापीठात गेले. तेथे जोसेफ लिस्टर यांच्या हाताखाली काम करण्याची संधी त्यांना मिळाली. शस्त्रक्रियेच्या जखमा कार्बोलिक आम्लाने निर्जंतुक ठेवण्याची लिस्टर यांची पद्धत त्या वेळी शल्यचिकित्सेचा चेहरामोहरा बदलत होती. पोट उघडण्याची शस्त्रक्रिया म्हणजे जवळजवळ मृत्यूला आमंत्रण, ही स्थिती पालटू लागली ती याच पद्धतीमुळे. पुढे बीटसन यांनी जे धाडस केले, त्याला लिस्टर यांच्या शिकवणीचा आधार होता.

शिक्षण संपल्यानंतरच्या काळात, १८७६ च्या सुमारास, स्कॉटलंडच्या पश्चिम भागातील एका रुग्णाच्या देखभालीचे काम बीटसन यांच्याकडे आले. काम फारसे दगदगीचे नव्हते. हाताशी वेळ होता आणि आसपास मेंढपाळांची वस्ती होती. एम. डी. पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी दुग्धस्रवण हा विषय निवडला. पिल्लांचे दूध तोडण्याच्या दिवसांत मेंढ्यांच्या कासेत होणारे बदल त्यांना जवळून पाहता आले. याच अभ्यासात त्यांच्या कानावर एक गोष्ट आली. काही देशांतील शेतकरी गाय व्याल्यानंतर तिचे बीजांडकोश काढून टाकतात आणि त्यामुळे ती दीर्घकाळ दूध देत राहते, असा तो अनुभव होता.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा केवळ व्यवहाराचा भाग होता. बीटसन यांना त्यात एक मूलभूत प्रश्न दिसला. कास आणि बीजांडकोश यांना थेट जोडणारी मज्जातंतूंची अशी कोणतीही वाट ठाऊक नव्हती, तरीही एका अवयवाचा दुसऱ्यावर अंमल चालत होता. शिवाय, दुग्धस्रवणाच्या काळात स्तनातील पेशींची जी झपाट्याने वाढ होते, तिचे कर्करोगातील वाढीशी साम्य आहे, असेही त्यांच्या लक्षात आले. फरक इतकाच, की दूध देणाऱ्या स्तनातील वाढीला मर्यादा असते आणि कर्करोगातील वाढीला ती राहत नाही. या वाढीवर बीजांडकोशाचे नियंत्रण असेल, तर ते नियंत्रण दूर केल्यावर कर्करोगाचे काय होईल, हा प्रश्न त्यांच्या मनात रुजला. प्रबंध १८७८ मध्ये पूर्ण झाला. प्रश्नाला रुग्णशय्येपर्यंत पोहोचण्यास आणखी सतरा वर्षे लागली.

दरम्यान बीटसन ग्लासगोत स्थिरावले होते. तेथील वेस्टर्न इन्फर्मरीत ते शल्यविशारद होते आणि १८९० च्या दशकात शहरातील कर्करोग रुग्णालयाची धुराही त्यांच्याकडे आली. त्या काळी कर्करोग परजीवी जंतूंमुळे होतो, असे मानणारा मोठा वर्ग होता. बीटसन यांना ते पटत नव्हते. उपचार म्हणाल, तर जास्तीत जास्त कापून काढणे हाच राजमार्ग समजला जात होता. अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथीही काढून टाकणाऱ्या शस्त्रक्रियेचे आपले निष्कर्ष १८९४ मध्ये प्रसिद्ध केले होते. ज्यांचा रोग चाकूच्या पलीकडे गेला आहे, अशा स्त्रियांना देण्यासारखे मात्र वैद्यकाकडे अफूपलीकडे फारसे काही नव्हते.

मे १८९५ मध्ये बीटसन यांच्याकडे आलेली ती स्त्री यांपैकीच एक होती. हा उपाय पूर्वी कोणावर केलेला नाही, तो निव्वळ प्रयोग आहे, याची कल्पना बीटसन यांनी तिला आणि तिच्या पतीला दिली. दोघांनी संमती दिली. निरोगी बीजांडकोश काढण्याची शस्त्रक्रिया त्या वेळी वादाच्या भोवऱ्यात होती. मानसिक आणि मज्जातंतूंच्या तक्रारींवर उपाय म्हणून काही शल्यविशारद ती सर्रास करीत आणि त्यांच्यावर कठोर टीकाही होई. अशा शस्त्रक्रियेचा कर्करोगासाठी वापर करणे म्हणजे टीकेला स्वतःहून निमंत्रण देणे होते. जर्मनीतील आल्बर्ट शिन्झिंगर यांनी १८८९ मध्येच तशी सूचना केली होती, पण प्रत्यक्ष शस्त्रक्रियेपर्यंत ते गेले नव्हते.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच गाठी मऊ आणि लहान होऊ लागल्या. आठ महिन्यांनी तपासले, तेव्हा रोगाची दृश्य खूण उरलेली नव्हती. मे १८९६ मध्ये बीटसन यांनी एडिंबरोतील वैद्यकीय सभेपुढे हा अनुभव मांडला आणि जुलैमध्ये तो 'लॅन्सेट' या नियतकालिकात दोन भागांत प्रसिद्ध झाला. लेखात त्यांनी रोग बरा करण्याची युक्ती सापडल्याचा दावा केला नाही. हाती असलेली मोजकी उदाहरणे त्यांनी जशीच्या तशी मांडली आणि पुढील पडताळणीची वाट मोकळी ठेवली.

पडताळणी लवकरच झाली. लंडनचे शल्यविशारद स्टॅन्ली बॉइड यांनी १९०० पर्यंत ब्रिटनमध्ये झालेल्या अशा ५४ शस्त्रक्रियांची माहिती एकत्र केली. सुमारे एक तृतीयांश स्त्रियांना स्पष्ट लाभ झाला होता. याचा दुसरा अर्थ असा, की सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांनी पोटावरील मोठी शस्त्रक्रिया आणि अकाली रजोनिवृत्ती सोसली, ती व्यर्थ. शस्त्रक्रियेतच दगावण्याचा धोका होता, तो वेगळाच. ज्यांना गुण आला, त्यांच्यापैकी बहुतेकींचा रोगही कालांतराने परतत होता. बीटसन यांची पहिली रुग्णही शस्त्रक्रियेनंतर सुमारे चार वर्षे जगली आणि अखेर त्याच रोगाने गेली.

उपाय काहींना लागू पडतो, पण कोणाला लागू पडेल हे आधी सांगता येत नाही, या पेचात बीटसन यांची पद्धत अडकली. शरीरातील एका ग्रंथीतून रक्तावाटे दुसऱ्या अवयवापर्यंत संदेश नेणाऱ्या द्रव्यांना 'हार्मोन' हे नाव अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी दिले ते १९०५ मध्ये, म्हणजे बीटसन यांच्या लेखानंतर नऊ वर्षांनी. बीजांडकोशातील इस्ट्रोजेन गटाचे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे झाले ते १९२९ मध्ये. या ज्ञानाअभावी डॉक्टरांना अंधारात चाचपडावे लागत होते. शस्त्रक्रिया मागे पडली नाही, परंतु तिच्याविषयीचा उत्साह मात्र ओसरला.

बीटसन यांच्या आयुष्याला याखेरीज आणखीही बाजू होत्या. अपघातग्रस्तांना डॉक्टर येण्यापूर्वीच योग्य मदत मिळावी, यासाठी १८८२ मध्ये ग्लासगोत स्थापन झालेल्या सेंट अँड्र्यूज अँब्युलन्स असोसिएशनच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. कारखाने, गोद्या आणि रेल्वे यांनी गजबजलेल्या या शहरात अपघात नित्याचेच होते. प्रथमोपचारावर त्यांनी लिहिलेले पुस्तक प्रशिक्षणासाठी वापरले जाई. १९०७ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडमधील रेडक्रॉसच्या कार्याचे नेतृत्वही त्यांनी केले. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा कर्करोगावरील त्यांच्या लेखाला ३७ वर्षे झाली होती. त्या एक तृतीयांश स्त्रियांचे कोडे मात्र सुटलेले नव्हते.

ते सुटण्यास सुरुवात झाली १९५० च्या दशकात, अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात. एलवूड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण जोडलेले इस्ट्रोजेन वापरून ते शरीरात कोठे जाऊन थांबते, याचा माग काढला. गर्भाशयासारख्या काही अवयवांच्या पेशींत इस्ट्रोजेनला धरून ठेवणारे एक विशिष्ट प्रथिन असते, हे त्यातून उघड झाले. यालाच इस्ट्रोजेन रिसेप्टर म्हणतात. स्तनाच्या काही कर्करोगांत हा रिसेप्टर असतो, काहींत नसतो. ज्यांच्या गाठीत तो नसतो, त्यांना संप्रेरक तोडून सहसा उपयोग होत नाही, हे १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात सिद्ध झाले. कोणाच्या वाट्याला शस्त्रक्रिया व्यर्थ येणार, हे आता एका चाचणीने आधीच सांगता येऊ लागले.

पुढचे पाऊल होते बीजांडकोश न काढता रिसेप्टरलाच रोखण्याचे. ब्रिटनमधील आय. सी. आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन यांनी १९६२ मध्ये एक रसायन तयार केले होते. संततिप्रतिबंधक म्हणून ते अपयशी ठरले. मँचेस्टरच्या क्रिस्टी रुग्णालयात ते स्तनाच्या कर्करोगावर वापरून पाहण्यात आले, त्याचे निष्कर्ष १९७१ मध्ये आले आणि १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला मान्यता मिळाली. हेच टॅमॉक्सिफेन. रिसेप्टर असलेल्या प्राथमिक अवस्थेतील रोगात शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे ही गोळी घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण दीर्घकाळात सुमारे एक तृतीयांशाने घटते.

रोगाच्या पेशीतील लक्ष्य शोधायचे, ते कोणत्या रुग्णात आहे हे तपासायचे आणि मगच औषध द्यायचे, ही त्रिसूत्री येथून रूढ झाली. 'हर-२' या प्रथिनाचे जनुक ज्यांच्या गाठीत अनेक पटींनी वाढलेले असते, त्यांचा रोग अधिक आक्रमक असतो, हे डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. त्यावर नेम धरणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. आज मुंबई-पुण्यातील रुग्णांच्या बायॉप्सी अहवालातही 'ई. आर.', 'पी. आर.' आणि 'हर-२' या तीन नोंदी पाहिल्यावरच उपचारांची दिशा ठरते. यांपैकी एकही लक्ष्य ज्यांच्या गाठीत सापडत नाही, अशा 'ट्रिपल निगेटिव्ह' रुग्णांसाठीचा शोध अजून संपलेला नाही.

ग्लासगोतील कर्करोग रुग्णालयाला पुढे बीटसन यांचे नाव देण्यात आले. पश्चिम स्कॉटलंडचे तेथील मोठे कर्करोग केंद्र आजही त्याच नावाने ओळखले जाते. १८९५ मध्ये प्रयोगाला संमती देणाऱ्या त्या स्त्रीचे नाव कोणत्याही इमारतीवर नाही. तिला मिळालेली चार वर्षे आणि तिच्यानंतरच्या अनेकींची व्यर्थ गेलेली वेदना यांतूनच वैद्यकाला तो प्रश्न मिळाला, ज्याचे उत्तर आज प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत उपचारांआधी शोधले जाते.